हॅलिननची किल्ली

स्टेशनच्या स्वच्छतागृहात आरशासमोर उभं राहून गुणवंत रणदिवे कंबरेतून वाकला, आणि त्याच्या काळ्या टायचं टोक बेसिनमधल्या पाण्यात बुडालं. तो घाईघाईने सरळ झाला. शेजारी हात धुवायला आलेला म्हातारा जपानी गृहस्थ काही बघितलंच नाही असा चेहरा करून बाहेर गेला. गुणवंतने टाय पिळला, कागदी रुमालाने टिपला, दार नीट लागल्याची खात्री केली आणि पुन्हा वाकला. या खेपेला टाय छातीशी धरून. मान किती खाली न्यायची, किती वेळ तशीच ठेवायची, हे त्याला जपानातल्या अकरा वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं. बघून बघून अंगवळणी पडलेलं. उशिरा आल्याची माफी वेगळी, गिऱ्हाइकाचा माल खराब निघाल्याची वेगळी. त्याला आज जी मागायची होती तिच्यासाठी किती वाकतात, हे विचारायचं तरी कुणाला?

तेवढ्यात फोन वाजला. जयमाला होती, तोक्योतल्या घरून, निशी-कसाईहून. सकाळी सहाला निघालेला नवरा पोचला का, काही खाल्लं का, तिकडे थंडी आहे का, अशी सगळी चौकशी आधी झाली. जून महिना होता, पण उत्तरेच्या त्या किनाऱ्यावर जूनमध्येही समुद्राकडून गार वारं आणि धुकं येतं, आणि सकाळपासून तसंच होतं. मग ती मूळ मुद्द्यावर आली.

"आज बोलशील ना रे?"

"हो."

"रागावले तर रागावू देत. ऐकून घे. मध्ये बोलू नकोस."

त्याने हो म्हटलं, फोन खिशात टाकला आणि बस पकडायला गेला.

तसं बघायला गेलं तर प्रकरण एवढ्याशा शिक्क्याचं. जपानात माणसाच्या सहीला किंमत नाही असं नाही, पण शिक्का उमटल्याशिवाय कागद पुढे सरकत नाही. बोटाएवढी लाकडी दांडी, खालच्या टोकाला कोरलेलं नाव, आणि लाल शाईची डबी. त्याला हान्को म्हणतात. गुणवंत ज्या पेढीत होता ती शंभर वर्षांहून जुनी, तोक्योतली, आणि हिंदुस्थानातून माल आणणारा तिचा विभाग त्याच्याकडे होता. मच्छीमार बोटींवर वापरायची जाड करडी ब्लँकेटं तो पानिपतहून मागवायचा. पानिपत म्हटलं की मराठी माणसाच्या पोटात उगाच कालवतं, पण ब्लँकेटं चांगली असतात, स्वस्त असतात आणि ओली झाली तरी ऊब सोडत नाहीत. माल उतरायचा नागिहामा नावाच्या बंदरगावात, टेकडीवरच्या गोदामात. तिथून एक गठ्ठा जरी बाहेर काढायचा म्हटला तरी कागदावर गुणवंतचा शिक्का लागायचा.

दोन हजार अकराच्या मार्चमध्ये धरणी हलली तेव्हा तो शिक्का त्याच्या बॅगेत होता. त्या दिवशी तो कामासाठी योकोहामाला गेला होता, म्हणून बरोबर घेतलेला. गाड्या बंद, तो पायी चालत पहाटे घरी पोचला, आणि बॅगेकडे बघायला कुणाला सवड होती? मग अणुभट्टीच्या बातम्या सुरू झाल्या. ठाण्याहून दोन्हीकडच्या आईवडिलांचे दर तासाला फोन. मराठी वाहिन्यांनी तर जपान नकाशावरून पुसूनच टाकला होता. सारंग तेव्हा चार वर्षांचा, नळाचं पाणी मुलांना देऊ नका असं कुणीतरी सांगितलेलं. इमारतीतली निम्मी भारतीय बिऱ्हाडं एका रात्रीत निघाली. गुणवंत घुटमळत होता, तेव्हा जयमाला म्हणाली होती, "तुला नोकरी हवी की पोरगा?" त्याने साहेबांना फोन केला. होंगो-सान शांतपणे म्हणाले, काळजी घ्या.

ठाण्याच्या घरी बॅग रिकामी करताना शिक्का गादीवर पडला, आणि गुणवंतने तो उचलला. समोर टीव्ही चालू होता. बर्फ पडत होतं, कुठल्याशा शाळेच्या व्यायामशाळेत म्हातारी माणसं अंगाभोवती वर्तमानपत्रं आणि पडदे गुंडाळून बसली होती. ती शाळा नागिहामाचीच, असं काही टीव्हीवाले म्हणत नव्हते. पण नागिहामाच्या शाळेमागे टेकडी होती, टेकडीवर गोदाम होतं, गोदामात छतापर्यंत ब्लँकेटं होती, आणि ती बाहेर काढायचा शिक्का ठाण्यात त्याच्या तळहातावर होता. त्याने गोदामाचे प्रमुख शोजी-सान यांना फोन लावला. लागला नाही. दुसऱ्या दिवशी लागला असता कदाचित, पण त्याने लावला नाही. पाडव्याला सासूबाईंनी श्रीखंड वाढलं तेव्हा तो ताटावरून उठून गेला.

एप्रिल सरता सरता ते परत आले. त्याने शिक्का गुपचूप खणात ठेवला. होंगो-साननी चहा मागवला, प्रवासाने दमला असाल म्हणाले. कुणी एक शब्द वावगा बोललं नाही. गोदाम रिकामं झालंय एवढं त्याला कळलं, पण कधी झालं, कसं झालं, हे विचारायची छाती झाली नाही. शोजी-सानचं घर लाटेत गेलं होतं, बायकोही गेली होती. नागिहामाच्या व्यायामशाळेत थंडीने काही म्हातारी माणसं दगावली, हे त्याने नंतर कुठेतरी वाचलं होतं. दोन वर्षं शोजी-सान आणि तो मेलवर फक्त मालाविषयी बोलत राहिले, आणि प्रत्येक मेल उघडताना आज तरी ते विचारतील असं गुणवंतला वाटायचं.

जयमालाचं दुखणं याहून वेगळं नव्हतं. परत आल्यावर तिने मजल्यावरच्या सगळ्या जपानी शेजारणींना बेसनाचे लाडू नेऊन दिले होते. सगळ्यांनी हसून घेतले. "ते हसणंच मला सोसत नाही," ती म्हणायची. आपल्याकडे कसं, शेजारीण चार दिवस तोंड फिरवते, पाचव्या दिवशी कडाडून भांडते, आणि सहाव्या दिवशी वाटीभर आमटी मागायला येते. इथे कुणी भांडतच नाही. भांडल्याशिवाय आपण त्यांच्यातले आहोत की नाही हे कळायचं कसं? कायम राहण्याच्या परवान्याचा अर्ज तिने भरून ठेवला होता, पण पाठवत नव्हती. एकदा कुणीतरी आपल्याला काय ते बोलू दे, मग पाठवू, असं तिचं चाललं होतं.

आणि आज योग आला होता तो हॅलिननमुळे.

डेनिस हॅलिनन हा पेढीचा मूळ पुरुष. आयर्लंडमधल्या कॉर्क गावच्या लोण्याच्या व्यापाऱ्याचा मुलगा. नागिहामात त्याच्या नावाचा दगड होता, तो लाटेने उखडून पार भातखाचरात नेऊन टाकला होता. गावाने तो परत उभा करायचं ठरवलं. समारंभात हॅलिननच्या आयुष्यावर कुणीतरी बोलायला हवं होतं, आणि पेढीने रणदिवे-सानचं नाव काढलं. परदेशी माणसावर परदेशी माणसाने बोलावं, हे सगळ्यांना इतकं साहजिक वाटलं की कुणी कारणही सांगितलं नाही.

गुणवंतने आधी कपाळाला हात लावला, पण वाचता वाचता त्याला तो माणूस आवडायला लागला. हॅलिनन जपानला यायच्या आधी मुंबईत होता. अमेरिकेतल्या लढाईमुळे कापसाला सोन्याचा भाव आला, त्या काळात तो आला, चार वर्षं राजासारखा राहिला, आणि भाव कोसळले तेव्हा कफल्लक होऊन बोटीत बसला. मुंबईतल्या शेवटच्या दिवसांत माहीमच्या किनाऱ्यावर शिंपले वेचायचा, एवढी एकच चैन त्याच्या हातात उरली होती. जपानात तेव्हा गोऱ्या व्यापाऱ्यांना ठरलेल्या बंदरांबाहेर धंदा करायची बंदी. मात्र शास्त्रीय अभ्यासासाठी फिरायचा परवाना मिळायचा. हॅलिननने शिंपल्यांचं कारण सांगून परवाना काढला आणि नागिहामाला येऊन माशांच्या तेलाचा व्यापार मांडला. खरेदी गावातल्या गुमास्त्याच्या नावावर चालायची. तो गुमास्ता म्हणजे शोजी-सानचे खापरपणजोबा. पण सोंग वठवता वठवता त्याला खरंच नाद लागला. पाऊस पडून गेला की तेलाची पिंपं सोडून हा टेकडीवर गोगलगायी शोधत फिरायचा. मसुराएवढी, पिवळसर, उलट्या वळणाची एक गोगलगाय त्याला तिथे सापडली आणि तिला विद्वानांनी त्याचं नाव दिलं. या टेकडीवर घर बांधून राहायचं, असं तो सगळ्यांना सांगायचा.

आणि किल्लीची गोष्ट. अठराशे शहाण्णवच्या जूनमध्ये, सणाच्या संध्याकाळी, नागिहामावर अशीच लाट आली होती. गाव गेलं. टेकडीवरचं हॅलिननचं कोठार तेवढं उरलं, तांदळाने भरलेलं. पण त्याला हॅलिननने मायदेशाहून मागवलेलं लोखंडी कुलूप होतं, आणि किल्ली त्याच्या घड्याळाच्या साखळीला, आणि तो स्वतः योकोहामात. बातमी कळताच म्हातारा निघाला. बोट मिळेना, तर डोंगर ओलांडत चालत आला, पायांची सालटं निघाली. कुलूप उघडून त्याने शेवटचा दाणा गावाला वाटला. पेढीच्या प्रत्येक नव्या नोकराला ही गोष्ट सांगतात. दगडावर नावाखाली कोरलेली आहे ती किल्लीच. पण भाषणासाठी गुणवंतने ती पुन्हा वाचली त्या दिवशी त्याला रडू फुटलं होतं. किल्ली घेऊन परतलेला माणूस, आणि शिक्का घेऊन पळालेला माणूस. समारंभानंतर शोजी-सानना बाजूला घेऊन सगळं सांगायचं, त्याने तेव्हाच ठरवलं.

बस नागिहामाला थांबली. गाव म्हणावं असं काही उरलंच नव्हतं. गवत वाढलेले चौथरे, मध्ये नवा डांबरी रस्ता, आणि धुक्यात कुठेतरी चाललेल्या यंत्राचा आवाज. शोजी-सान छत्री घेऊन उभे होते. साठीचे, बुटके, फार न बोलणारे गृहस्थ. समारंभाला अवकाश होता, तोवर आमच्याकडे चहा घ्या म्हणाले. सरकारने शाळेच्या मैदानात बांधलेल्या तात्पुरत्या घरांपैकी एका खोलीत ते आणि त्यांची आई राहत होते. दारातच त्यांच्या बायकोचा फोटो होता. गुणवंतने हात जोडले, उदबत्ती लावली.

आई नव्वदीला आलेली, पण खणखणीत. बुटक्या मेजाशी पाय पसरून बसली होती आणि पायांवर जाड करडं ब्लँकेट होतं. कडेची लाल शिवण गुणवंतने लांबूनच ओळखली. मागाहून केव्हातरी वाटली असणार, त्याने मनाशी म्हटलं, आणि तिकडे बघायचं टाळलं.

म्हातारीला भाषण ऐकायचं होतं. आता समारंभात काही मला नीट ऐकू यायचं नाही, इथेच वाचा, म्हणाली. गुणवंतने कागद काढले. लोण्याचा व्यापारी, मुंबई, शिंपले, गोगलगाय, सगळं तिने मान डोलावत ऐकलं. किल्ली आली तसा तिने तोंडावर हात घेतला. गुणवंतला वाटलं, गहिवरली. पण ती हसत होती.

"आई," शोजी-सान हळूच म्हणाले.

"असू दे रे. घरातलाच माणूस आहे, कंपनीचा," ती म्हणाली, आणि तिने सांगून टाकलं. कोठार तर दुसऱ्याच दिवशी उघडलं होतं. गावच्या लोहाराने दुसरी किल्ली पहिल्याच वर्षी करून ठेवली होती, हॅलिनन टेकडीवर गोगलगायी वेचत होता आणि साखळी खोलीत टांगलेली होती तेव्हा. तिच्या सासऱ्यांच्या आजोबांनीच, म्हणजे त्या गुमास्त्यानेच करवून घेतली. वाईट हेतू काही नाही. पण आज इथे, उद्या योकोहामात, परवा आणखी कुठे, असा माणूस, त्याच्या एकट्याकडे किल्ली ठेवून गाव कसं चालायचं? तांदूळ केव्हाच संपत आला होता. मग एक दिवस डोंगरावरून गोरा म्हातारा लंगडत येताना दिसला, हातात किल्ली. आता काय करायचं? गावकऱ्यांनी धावत जाऊन कुलूप परत लावलं. दिसायला चार पोती हवीत म्हणून पोत्यांत भुसा भरून मागे रचली, पुढे उरलेल्या तांदळाचं एक. सगळं गाव रांगेत उभं राहिलं. त्याने कुलूप उघडलं, सगळे जमिनीपर्यंत वाकले.

"त्याला कळलं नाही?" गुणवंतने विचारलं.

म्हातारीचं हसू जरा उतरलं. "कळलं. कुलपात ताजं तेल होतं. इतके दिवस बंद असलेलं कुलूप असं लोण्यासारखं फिरतं का? आमचे सासरे सांगायचे, किल्ली फिरवली आणि तो तसाच उभा राहिला. मग वळला, सगळ्यांना वाकून नमस्कार केला, आणि पुढचं एक पोतं तेवढं उघडलं. मागच्या पोत्यांना हातसुद्धा लावला नाही."

त्यानंतर टेकडीवर घर बांधायचं त्याने कधी काढलं नाही. येत राहिला, शिंपले वेचत राहिला, पण दोन दिवसांत परत जायचा. शेवटी कोबेला मेला. त्याच्या शिंपल्यांच्या पेट्या मायदेशी गेल्या आणि तो कोबेतच, परदेशी लोकांच्या दफनभूमीत राहिला. इथे ठेवा असं म्हणाला होता म्हणे शेवटी, ती म्हणाली, पण ते जमण्यासारखं नव्हतं.

शोजी-सान चहा ओतत होते. पत्र्यावर पावसाचे थेंब वाजायला लागले. गुणवंतने कागदांची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. मग त्याने म्हातारीच्या पायांवरच्या ब्लँकेटकडे बोट केलं.

"आजी, हे तुम्हाला कधी मिळालं?"

"लाट आली त्याच संध्याकाळी," ती म्हणाली. "बर्फ पडत होतं. टोचतं मेलं, आणि वासही येतो, पण हे नसतं तर मी नसते. आम्हा सगळ्यांनाच मिळालं. यानेच आणली ना, पाठीवर गठ्ठे मारून."

शोजी-साननी किटली खाली ठेवली. गुणवंत त्यांच्याकडे बघत होता, त्यामुळे त्यांना बोलावंच लागलं.

"रणदिवे-सान, तुमच्या नावाचा आणखी एक शिक्का इथे गोदामात असतो. तुमच्याकडे विभाग आला त्याच आठवड्यात तोक्योहून पाठवला होता. कधी लागलाच तर असावा म्हणून. तुम्हाला उगाच त्रास नको."

"माझ्या आधी इनोउए-सान होते. त्यांच्या वेळी होता?"

"नाही. त्यांच्या वेळी नव्हता."

शोजी-सानना वाटलं असावं की आपलं काहीतरी चुकलं, कारण ते एरवी कधी बोलत नसत इतक्या मायेने पुढे म्हणाले, "तुम्ही गेलात त्याचं इथे कुणालाच काही वाटलं नाही. मनापासून सांगतो. परदेशचं माणूस, अशा वेळी घरी जाणारच. जायलाच हवं. आम्ही ते आधीपासून धरूनच चाललो होतो."

गुणवंतला पहिल्यांदा इतकं हलकं वाटलं की हसूच यायला लागलं. थंडीने गेलेली ती माणसं, निदान त्याच्या कुलपामागे ब्लँकेटं अडकली म्हणून गेली नव्हती. त्याने कुणाला मारलं नव्हतं. दोन वर्षं उरावर बसलेला धोंडा उठला होता, आणि त्याने जोरात श्वास घेतला. मग हळूहळू दुसरं कळत गेलं. ज्या रागाची तो दोन वर्षं वाट बघत होता, तो राग कुणाला आलाच नव्हता. त्याच्यावर कुणी विसंबलंच नव्हतं, तर रागावणार कशाला? होंगो-सानचा तो चहा, ते दमला असाल, ते सगळं अगदी खरं होतं. आत काही दाबलेलं नव्हतं. आत काही नव्हतंच. त्याला आपल्या पाठ केलेल्या माफीची इतकी लाज वाटली की त्याने मान खाली घातली. तिकडे शोजी-सानना तो आभार मानतोय असं वाटलं, आणि त्यांनीही मान लववली.

समारंभ छान झाला. नगराध्यक्ष आले, पेढीचे संचालक आले, पांढरं कापड ओढलं आणि ओला काळा दगड दिसला. गुणवंतने भाषण वाचलं. किल्लीची जागा आली तेव्हा तो थांबला. समोर खुर्च्यांवर गावातली म्हातारी मंडळी नीट बसली होती, बहुतेकांनी नजर खाली लावली होती. त्यातल्या किती जणांना ठाऊक असेल? सगळ्यांनाच असेल. ही गोष्ट त्यांनी पेढीला शंभर वर्षं सांगू दिली होती. त्याने ती जशी लिहिली होती तशी वाचली. डोंगर, सोललेले पाय, कुलूप, शेवटचा दाणा. एका बाईने डोळे टिपले. टाळ्या पुष्कळ झाल्या, आणि शोजी-सान सगळ्यांत खाली वाकले. गुणवंतही वाकला. किती खाली जायचं हा प्रश्न त्याला या वेळी पडला नाही.

परतीच्या बसला वेळ होता. थांब्यावर तो एकटाच उभा होता. धुक्यामुळे समुद्र दिसत नव्हता, नुसता ऐकू येत होता. फोन वाजला तेव्हा त्याने तो बराच वेळ वाजू दिला.

"बोललास?" जयमालाने विचारलं.

तिला सांगायला काय हरकत होती? सुटलीस, आपल्यामुळे कुणी मेलं नाही, कुणी रागावलं नाही. पण जयमाला हुशार होती. कुणी का रागावलं नाही हे तिला फोन ठेवायच्या आतच कळलं असतं. मग तो भरून ठेवलेला अर्ज, जपानीतून भांडणारा सारंग, शेजारणींचं ते हसणं, सगळ्याचा तिने एकटीने बसून हिशेब लावला असता. नोकरी हवी की पोरगा, असं ती एकदा बोलून गेली होती आणि दोन वर्षं ते वाक्य चघळत होती. तिला आता कुणाची तरी बोलणी खायची होती, पोटभर.

"बोललो," तो म्हणाला.

"मग? काय म्हणाले?"

"रागावले."

पलीकडून अगदी बारीक आवाजात, "खूप?"

"खूप. आवाज चढवला त्यांनी. म्हणाले, तुम्ही असं जायला नको होतं. आम्ही तुमची वाट बघत होतो."

जयमाला रडायला लागली. त्याने तिला रडू दिलं. धुक्यातून बसचे दिवे दिसायला लागले होते, अजून लांब होते. थोड्या वेळाने तिने नाक ओढलं.

"वाट बघत होते म्हणाले? आपली?"

"हो."

"पुन्हा सांग ना. सगळं सांग. पहिल्यापासून."

गुणवंतने पुन्हा सांगितलं. या खेपेला शोजी-सान आणखी थोडे रागावले.